साथीचं बटण

बायकोच्या वर्षश्राद्धाला ती भजनात गायची तीच गवळण वाजवायची, हे मी ठरवूनच ठेवलंय. पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला, म्हणून लेकीनं तळेगावहून डिजिटल पियानो आणला. डाव्या हातानं सूर धरला की ढोलकी, टाळ, व्हायोलिन सगळं आपोआप सुरू होतं.

लेक म्हणाली, "आबा, घरात एकट्यानं वाजवणाऱ्याला साथ मिळावी म्हणून पूर्वी आपोआप ताल धरणारे विजेवरचे ऑर्गन निघाले. त्यातूनच ही सोय यात आली."

"एकटा तर मी हायेच," मी म्हणालो.

तिसऱ्या ओळीआधी बायको दम घ्यायची. तितं आमी सगळे भजनी थांबायचो. ही ढोलकी थांबेना.

"आबा, चुकताय तुम्ही."

"मी न्हाई, ते चुकतंय. त्यानं तिला कुटं ऐकलंय?"

साथीचं बटण मी बंद केलं. आता रोज नुसता पियानो वाजवतो, आन् तिसऱ्या ओळीआधी थांबतो.