एकोणीस चिपटी ज्वारी

सत्तरच्या दशकात उत्तरेकडच्या एका शहरात, सेक्टर तीसमधल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी टायपिस्ट होते. गणितात बी.एस्सी. होऊनही दिवसभर दुसऱ्यांची पत्रं बडवायची, याचा मला मनस्वी राग होता. म्हणून संगणकाच्या खोलीत एक जागा निघाली तेव्हा मी कुणाला न विचारता अर्ज ठोकला.

त्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत, आणि बाहेर लू, उन्हाळ्यातला तो भाजून काढणारा वारा, वाहत असली तरी आत स्वेटर घालून बसावं लागे. कपाटाएवढ्या त्या यंत्राला आपले आकडे कळत नसत, फक्त एक आणि शून्य कळे. समोर खटक्यांची रांग, प्रत्येक खटक्यावर एक दिवा. पेटला तर एक, विझलेला म्हणजे शून्य.

परीक्षा घ्यायला साहेब होते, लुधियान्याचे सरदारजी. त्यांनी रीत सांगितली. संख्येला दोनाने भागत जायचं, बाकी एकाखाली एक मांडायची आणि शेवटी खालून वर वाचायची. मी जन्मभर वरून खाली वाचत आलेली. एकोणीस मांडायला सांगितले, मी पंचवीस पेटवले. पुन्हा तेच.

"मॅडम जी, एक बार और," साहेब म्हणाले. "फिर किसी और को बुलाना पड़ेगा."

पुन्हा त्या टाइपरायटरसमोर मला बसायचं नव्हतं. भागाकार सोडून मी नुसती दिव्यांकडे बघत राहिले. उजवीकडचा एकाचा, त्याच्या शेजारचा दोनाचा, मग चार, आठ, सोळा. आणि एकदम साताऱ्याकडच्या आमच्या घरातली धान्याची मापं समोर आली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी, दोन अडशेऱ्यांची पायली, म्हणजे सोळा चिपटी. आई मोजताना मोठ्या मापापासून उतरत यायची. शेवटी उरलेल्या धान्यात प्रत्येक माप एकदाच भरायचं, नाहीतर बाजूला ठेवायचं. दोनदा भरावं लागलं तर त्याच्या वरचं माप आहेच की. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

एकोणीस चिपटी ज्वारी. पायली हो, अडशेरी नको, शेर नको, मापटं हो, चिपटं हो. पुटपुटत मी खटके लावले.

साहेब दिवे निरखत राहिले. "यह कौन सा तरीका है?"

"घर का. अनाज नापने का," मी म्हणाले.

त्यांनी आणखी संख्या घातल्या. पायलीच्या वरची मापं मी मनात घडवत गेले, दुप्पट, पुन्हा दुप्पट. एकही चुकली नाही.

"कल से यहीं बैठिए," ते म्हणाले.

सायकलवरून घरी जाताना नोकरीपेक्षा दुसरंच काही डोक्यात घोळत होतं. कधीकाळी कुणीतरी पहिल्यांदा चिपट्याच्या दुप्पट मापटं घडवलं, आणि त्या माणसाने आज मला टाइपरायटरवरून उठवलं. त्याचं नाव-गाव कुणालाच ठाऊक नाही. मला त्याच्या पाया पडायचं होतं.