थिनरने पुसलेल्या रेघा

झेंडूच्या वासात थिनरचा वास मिसळला की मला कुरुळीची ती शेड आठवते. तिथे आम्ही एक जुनं, दोन माणसांचं विमान दुरुस्त करत होतो. कधीकाळी दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत उडालेलं, चाकांच्या जागी बर्फावर घसरायच्या लाकडी पट्ट्या असलेलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कंपनीत मशीन लख्ख करतात, तसं मी तेही पुसायला घेतलं. विमानाच्या दारावर आतल्या बाजूनं पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. कुण्या मिस्त्रीच्या खुणा असतील म्हणून त्याही घासून काढल्या. संध्याकाळी मालक झेंडूची पिशवी घेऊन आले, दार उघडलं आणि तिथंच थिजले. "इथल्या रेघा कुठायत?" "पुसल्या की साहेब, उद्या पूजा हाय." त्यांनी दारावरून बोट फिरवलं. "अरे, बर्फात अडकलेली माणसं रोज एक रेघ मारत होती. सुटका होईपर्यंत." मी हातातल्या फडक्याकडं पाहिलं. त्यावर नुसता राखाडी डाग होता. "पूजा झाल्यावर मोजणार होतो," मालक म्हणाले, "किती होत्या रे?" आजही खंडेनवमीला मशीन पुसताना मी त्या रेघा आठवून मोजतो, आणि दर वेळी आकडा वेगळा येतो.