मेश्राम मॅडमची काठी

मेश्राम मॅडम नव्या माणसाचा चेहरा आधी पाहत नसत, पाय पाहत. हुडकेश्वरला पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांची व्यायामशाळा होती. पहिल्या दिवशी मी जिना चढून गेले, नाव सांगितलं, वय सांगितलं (सेहेचाळीस) आणि पिशवीतून कागद काढला. त्यांचं लक्ष फरशीकडे.

"चपला काढ. उभी राह सरळ." मी राहिले. "डाव्या पायावर भार देऊन राहिली तू. काहून? पर्स त्याच खांद्यावर लटकवते का?"

लटकवत होते. चोवीस वर्षं.

मग त्यांनी कागद घेतला. वजनं उचलण्याचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम मी मोबाइलवरून उतरवला होता, रकाने आखले होते, प्लास्टिकच्या पाकिटात घातला होता. आठवड्यातून पाच दिवस, जड वजनं, दम संपेपर्यंत. वर 'अनुभवी खेळाडूंसाठी' अशी एक ओळ होती. उतरवताना ती मी गाळली होती, कारण तिथे मला तारखा लिहायच्या होत्या.

माझ्या घाईला कारण होतं. आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. ती चंद्रपूरला भावाकडे होती, पण तीन महिन्यांनी त्याची बदली होणार आणि आई माझ्याकडे येणार, हे ठरलं होतं. नवरा गोंदियाला नोकरीला, फक्त शनिवार-रविवार घरी. म्हणजे पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, दिवसातून पाच-सहा वेळा, बासष्ट किलोंची आई मला एकटीला हलवायची होती. तीन महिने म्हणजे बारा आठवडे. कार्यक्रमही बारा आठवड्यांचा. मला तो माझ्यासाठीच लिहिलेला वाटला.

मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला. "पेपर चांगला आहे वं. पण दहावीचा आहे, अन् तू बालवाडीत," असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातली बांबूची काठी माझ्या हातात दिली.

नवा माणूस पैलवान असो की पेन्शनर, पहिले तीन आठवडे काठी, हा त्यांचा नियम. काठी पाठीवर उभी धरायची आणि कंबरेतून वाकायचं. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेली राहिली पाहिजेत. एक जरी सुटलं, की खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून आवाज येई, "पुन्हा!"

बाकी कारभार मला पटण्यासारखा नव्हता. हजेरी नाही, नोंदवही नाही. मी वही आखून देते म्हटलं, तर म्हणाल्या, "मले साऱ्यायचे गुडघे पाठ आहे. वही काय करू?" आणि ते खरंच होतं. सहा महिन्यांनी परतलेल्या माणसालाही त्या दारातच विचारत, "उजवा गुडघा कसा आहे गा?"

पाच दिवस मी काठी धरली. मग सदरला, ऑफिसजवळच्या एका चकचकीत जिममध्ये नाव घातलं. तिथे कुणी पाय पाहिले नाहीत. कागद पाहिला आणि वा म्हणाले. तिथल्या पहिल्याच आठवड्यात, गुरुवारी, चाळीस किलो जमिनीवरून उचलताना आठव्या खेपेला कंबरेत कळ आली आणि मी तिथेच बसले. मणका वाचला होता, स्नायू दुखावला होता. पुढचे दहा दिवस मला वाकून मोजे घालता येत नव्हते. त्या गुरुवारच्या रकान्यात मी बरोबरची खूण सकाळीच करून ठेवली होती.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी पुन्हा गिरणीवरचा जिना चढले. मॅडमनी पायांकडे पाहिलं. "कंबर कुठं ठेवून आली?"

मी सगळं सांगितलं. गाळलेल्या ओळीचंही.

त्या रागावल्या नाहीत. आरशासमोर उभ्या राहिल्या आणि उजवा हात वर नेला. तो खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. "इतकाच जाते. वेणी घालता येत नाही म्हणून केस कापले. लोक म्हणते, मॅडम लई मॉडर्न!" विसाव्या वर्षी, पारशिवनीला, वजनं उचलायला लागून तिसराच महिना होता. एका मोठ्या खेळाडूचा कार्यक्रम त्यांनी वहीत उतरवून घेतला होता. "निवडीले पुढच्या वर्षी जा म्हणत होते, पण मले त्याच वर्षी जायचं होतं. नको तेवढं वजन डोक्यावर नेलं अन् खांदा गेला. माझाही कागद होता वं. तुझ्यासारखे रकाने नव्हते, एवढंच." मग हात खाली घेत म्हणाल्या, "जड उचलू नको, असं मी कोणाले म्हणत नाही. आधी वाकणं पाठ कर, मग उचल ना किती उचलाचं ते."

नऊ आठवडे उरले होते. तीन काठीत गेले. मग रिकामी सळई, मग तिला छोटी वजनं. शेवटी मॅडमनी गिरणीतून गव्हाचं पोतं वर आणवलं आणि दोन स्टूल मांडले. पोतं छातीशी धरायचं, गुडघे वाकवायचे, पावलं वळवायची. "उचलाचं नाही, फिरवाचं. हे पोतं मुकाट बसते. आई बोलन. तेव्हा हसू नको, पाठ सुटते."

आई आली त्या रविवारी मॅडम घरी आल्या, काठी घेऊन. मी आईच्या कंबरेला पट्टा बांधला आणि वाकले.

"पाडशील वं मले!" आई ओरडली. "तुले तं घागर उचलत नव्हती!"

मला हसू आलं. मागून काठी पाठीला टेकली. "पुन्हा."

दुसऱ्या खेपेला आई खुर्चीत होती. तिने मॅडमना नीट न्याहाळलं. "ही बाई मारते का तुले?"

"रोज," मी म्हटलं.

मॅडम आता पारशिवनीला असतात, तिथल्या मुलींना शिकवतात. जाताना काठी आमच्याकडे ठेवून गेल्या. माझा कागद अजून फाइलीत आहे. तो कधी करायचा ते मी ठरवलेलं नाही, आणि तारखांचे रकाने मी खोडून टाकलेत.

काठी आईच्या उशाशी असते. रोज सकाळी मी वाकले, की ती चांगल्या हाताने काठी उचलते, माझ्या पाठीवर ठेवते आणि डोळे बारीक करून पाहते. मग, उठायची कितीही घाई असली तरी, म्हणते, "पुन्हा."