दोन वल्ह्यांचा तराफा

मोठेबाबांना कुठलीही वस्तू बैलासारखीच विकत घेता येत असे. बुलढाण्याच्या बाजारात छत्री घ्यायची तरी ते ती आधी समोरून बघत, मग मागून, आणि मग दुकानदाराला म्हणत, "जरा चालवून दाखवा." तो बिचारा छत्री धरून चार पावलं टाकी. "चालल्याबिगर चाल समजत नाही," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. बाबांचे हे थोरले भाऊ. घरचा कारभार त्यांच्याकडे, आणि तो त्यांच्याकडेच का, हा बाबांचा प्रश्न.

धरणाचं पाणी चढलं आणि आमचं निम्मं वावर पलीकडच्या काठाला राहिलं. त्याच सुमारास बाबांनी वाटणी मागितली. दोघं एका पंगतीत जेवत, पण बोलत नसत. निरोप्याचं काम आई आणि मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, या दोघी जावा करीत. धरणाचं काम संपल्यावर तिथल्या मुकादमानं रिकाम्या ड्रमांवर फळ्या ठोकलेले दोन तराफे विकायला काढले. दोन्ही अगदी एका आईची लेकरं. फरक एवढाच की एकाला मागं एकच लांब वल्हं होतं, एकट्या माणसाचं काम. दुसऱ्याला दोन बाजूंना दोन, आणि रुंदी अशी की एकाचे हात दोन्हीकडे पोचूच नयेत.

बाबांनी पहिला पसंत केला. उघडच होतं, उद्या वेगळं निघालं तर कुणाचं तोंड बघायला नको. मोठेबाबांनी दोन्ही तराफे पुढून-मागून पाहिले, ड्रमांच्या पाठीवर थापा मारल्या, पाण्यात चालवून घेतले आणि दुसऱ्यावर हात ठेवला. मुकादम हसला. शहाणा माणूस असा सौदा करत नाही, असं बाबा त्याच्यादेखत म्हणाले. कित्येक दिवसांनी ते भावाशी बोलले, ते हे.

"एका बैलानं वखर चालते काय बे?" मोठेबाबा शांतपणे म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी तराफ्याला पोळ्याची झूलही बांधायला लावली. गाव आठ दिवस हसत होतं.

एकट्यानं वल्हं मारलं की तराफा जागच्या जागी गोल फिरे. त्यामुळे सुरुवातीला दोघांत "हाण" आणि "थांब" एवढंच बोलणं झालं. मग ते कपाशीवर आलं, मग आमच्या शाळेवर. हरभरा निघेपर्यंत दोघं भर पाण्यात वल्ही सोडून कडाकडा भांडू लागले, आणि भांडण झालं की एकाच डबीतला चुना घेऊन तंबाखू मळू लागले. वाटणीचा विषय कुठं बुडाला कुणाला कळलं नाही.

पुढं काही वर्षांनी मोठेबाबा बसल्या जागी गेले. तेरवी झाल्यावर बाबा सकाळी एकटेच वावरात निघाले. सवयीनं आपल्याच बाजूला बसले. तराफा काठापासून जरा सरकला आणि गोल फिरू लागला. बाबांनी वल्हं टाकलं, गुडघ्यांत डोकं घातलं आणि लहान पोरासारखे रडले. मला काठावरून ते बघवेना.

पाण्याच्या धास्तीनं जन्मात त्या तराफ्यावर न चढलेली मोठीआई माझ्याशेजारी उभी होती. तिनं लुगडं वर खोचलं आणि सरळ पाण्यात उतरली.

"भाऊजी, थांबा," ती म्हणाली, "त्याईच्या बाजूनं मी बसतो."