गोदामाच्या छताचं लग्न

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला सगळे वरचीबाई म्हणतात. नवीन माणूस पत्ता विचारत येतो, वरच्याबाईच्या शोधात गच्चीपर्यंत चढतो आणि धापा टाकत खाली येतो, ही आमची जुनी करमणूक. ड्रोन उडवून वरून फोटो आणि फिल्म काढणं हा तिचा धंदा. तिची सासू म्हणते, हिला जमिनीवरचं काही दिसत नाही, आकाशातून मात्र मुंगी दिसते.

चांगल्या दिवसांत वरच्याबाईला डोकं खाजवायला फुरसत नव्हती. आज लग्न, उद्या नव्या इमारतीची जाहिरात. तिचा ड्रोन नवरा-नवरीभोवती अशा हळुवार घिरट्या घालायचा, की नवरी राहिली बाजूला, नवराच लाजून चूर. बिल्डरांची तर ती फार लाडकी. शेजारच्या नाल्याला ती फिल्ममध्ये इतक्या सफाईने बगल द्यायची, की फ्लॅट घेणाऱ्याची आणि नाल्याची पहिली भेट सामान उतरवतानाच व्हायची.

मग मंदी आली. अर्धवट इमारतींवरच्या क्रेन जिथल्या तिथे थिजल्या. लोक लग्नं करायचे काही थांबले नाहीत, पण वरून कशाला, खालूनच काढा, म्हणायला लागले. तिचा नवरा काचेच्या कारखान्यात आहे, तिथेही आठवड्यातले निम्मे दिवस सुट्टी. ड्रोन आपल्या पिशवीत कपाटावर जाऊन बसला. वरचीबाई रोज स्टुलावर चढून त्याच्यावरची धूळ झटकायची, एवढंच काय ते तिचं वर जाणं उरलं.

अशात तिचा थोरला भाऊ आला. दादा मनाने चांगला माणूस, पण उपकार करताना खुर्ची नीट ओढून, पाय पसरून करणारा. मित्राच्या फर्निचरच्या दुकानात गल्ल्यावर एक जागा आहे, तू बसशील असा शब्द टाकलाय, म्हणाला. ड्रोनलाही गिऱ्हाईक बघितलंय, रविवारी घेऊन येतो. नवऱ्याने फरशीकडे बघितलं. सासूने विकून टाक म्हटलं, निदान कपाटावर गाद्या तरी ठेवता येतील. वरचीबाई एवढंच म्हणाली, "रविवार अजून आलेला नाही, दादा."

आमची मधली भिंत पातळ आहे, म्हणून हे मला माहीत. मी कान लावला नव्हता, कान आपले होते तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी खांद्याला लावून निघाली आणि दारोदार विचारत सुटली, वरून बघण्यासारखं काही काम आहे का. शाळेने नाही म्हटलं. दवाखान्याने नंतर या म्हटलं. एका रखवालदाराने तर, वरून बघायला देव आहे, असं सांगून फाटक लावून घेतलं. ती पुढच्या फाटकाकडे गेली. संध्याकाळी पाय सुजवून आली, की सासू विचारायची, आज कोणाकडून अपमान करून घेतलास? ही चपला काढता काढता नावं सांगायची.

शेवटी गावाबाहेर कागदाच्या रोलांचं एक गोदाम सापडलं. छप्पर गळत होतं, रोल भिजत होते आणि गळतंय कुठून हे कोणाला कळत नव्हतं. पत्रे इतके कुजलेले, की वर माणूस चढवायची मॅनेजरची छाती होत नव्हती. त्याने सांगितलं, शनिवारपर्यंत भोकं दाखवा, आमच्या सगळ्या गोदामांची छपरं तुमची.

ड्रोन उडवताना तिची नजर पडद्यावर असते, म्हणून आकाशावर लक्ष ठेवायला सोबत एक माणूस लागतो. ती आमच्या दारात आली. "चला भावजी, तुम्हाला नाहीतरी दुसरीकडे बघायची सवय आहेच." माझ्या आधी माझ्या बायकोनेच होकार देऊन टाकला.

आम्ही दुपारीच पोचलो, पण हिचं म्हणणं, उजेड चांगला नाही. ऊन तिरपं होऊन सोनेरी होईपर्यंत मला एका लाकडी खोक्यावर बसवून ठेवलं. मग ड्रोन असा तरंगत उठला, की मी आकाशाकडे बघायचं सोडून त्याच्याकडेच बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरला फिल्म दाखवली. छप्पर झळाळत होतं, कडेने ऊन ओघळत होतं, मागे मंद बासरी वाजत होती. मॅनेजरने शेवटपर्यंत बघितलं. मग चष्मा काढून पुसला.

"छान झालंय," तो म्हणाला. "पण बाई, मला हे छप्पर उजवायचं नाहीये. दुरुस्त करायचंय."

परतताना बसमध्ये ती फोनवर तीच फिल्म पुन्हा पुन्हा बघत होती. बस आमच्या कोपऱ्यावर वळली तेव्हा एकदम म्हणाली, "भावजी, डाग मीच पुसले." गंज, शेवाळं, जुनी ठिगळं, सगळं तिने रंग सुधारताना हाताच्या वळणाने साफ करून टाकलं होतं. इतकी वर्षं तिने हेच केलं, भिंतींचे पोपडे झाकले, नवऱ्या मुलांची टक्कलं झाकली. आता भोकं दाखवायची होती, तर तीही झाकून मोकळी. मला वाटलं रडेल. तिने उद्या भर दुपारी टोपी घालून या, म्हणून बजावलं.

नवरीला जो उजेड ती मरेपर्यंत दाखवणार नाही, तोच तिने शुक्रवारी निवडला. डोक्यावर तापलेलं ऊन, सगळं रखरखीत. ड्रोन कमी उंचीवर ठेवून, फरशी पुसतात तसा पट्ट्यापट्ट्याने सगळ्या छपरावरून फिरवला. मध्ये एक कावळा त्याच्यावर धावून आला. मी ओरडलो, तिने ड्रोन सरळ वर चढवला, कावळा कंटाळल्यावर खाली आणला आणि अर्धी राहिलेली पट्टी पुन्हा धरली. बॅटरी संपली की बदलायची आणि पुन्हा सुरू. घिरट्या नाहीत, बासरी नाही.

खरी पंचाईत घरी आल्यावर झाली. पत्र्यांच्या ढीगभर फोटोंत काहीतरी सुंदर शोधायचीच तिच्या डोळ्याला सवय. गंजाचा ओघळ दिसला, की रंग काय सुरेख आलाय, असं तोंडातून निघायचं आणि जीभ चावायची. सकाळी तर फोटो द्यायचे होते. तेवढ्यात सासू चहाचा कप ठेवायला आली आणि पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, "हा डाग कसला? आणि इथला स्क्रू कुठे गेला?"

वरच्याबाईने फोटो मोठा केला. स्क्रू नव्हता. ती उठली आणि आपली खुर्ची पुढे केली. "बसा, आई."

सासूबाईंची सगळी हयात दोष काढण्यात गेली. चहातले, चादरीच्या घडीतले, माझ्या चालण्यातले. पण त्यासाठी कोणी मानाने खुर्ची दिली, हे पहिल्यांदाच घडत होतं. पदर खोचून बसल्या त्या उठेचनात. हा पत्रा फाटलाय. इथे कोणीतरी नुसतं डांबर थापलंय, हात मोडले होते का मेल्याचे? सून त्यांच्या बोटामागोमाग लाल गोल काढत गेली. नवरा स्वयंपाकघरातून भाताचं विचारत होता, त्याला दोघींनी एकदमच गप्प बसवलं.

शनिवारी मॅनेजर फोटो घेऊन गोदामात शिरला आणि एकेका गोलाखाली जाऊन उभा राहिला. आम्ही मागे. जिथे लाल गोल, तिथे खाली ओल. एका ठिकाणी रोल कोरडा निघाला तेव्हा वरच्याबाईचा चेहरा उतरला. मॅनेजरने रोल सरकवायला लावला. मागची भिंत निथळत होती.

त्याने तारीफ वगैरे काही केली नाही. रविवारी ट्रक बंद असतात, दुसऱ्या गोदामाचं उद्याच उरकता येईल का, एवढंच विचारलं.

रविवारी मला सुट्टी मिळाली, आकाश बघायला तिचा नवरा गेला. आणि ठरल्याप्रमाणे दादा गिऱ्हाईक घेऊन हजर झाला. दार सासूबाईंनी उघडलं. मी आमच्या दारात पायपुसणं झटकत होतो, चांगलंच मळलं होतं ते.

"ड्रोन घरात नाही," त्या म्हणाल्या. "कामावर गेलाय."

संध्याकाळी येतो मग, असं दादा म्हणाला.

"चहाला या. त्याला न्यायला येऊ नका. आणि मी आज बसणार नाही तुमच्याजवळ, मला फोटो बघायचे असतात." मग त्यांनी गिऱ्हाईकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाहीची शिवण उसवलीये तुमच्या."