जळालेल्या मोटरींचं रजिस्टर

मला एक सांगा, उधार द्यायचं तर विश्वास कोणावर ठेवाल? गोड बोलणाऱ्यावर की घाबरलेल्यावर? मी आपला घाबरलेल्यावर ठेवतो. म्हणून तर माझ्याकडे प्राध्यापक फार!

प्रताप नगरात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दहावी नापास; बाकीचं सगळं मोटरी उघडून शिकलो. जवळच एक कॉलेज. शिकवणं सुधारावं, मुलांना नीट समजावं म्हणून विद्यापीठ प्राध्यापकांना प्रोजेक्टसाठी अनुदान देतं. अनुदान मंजूर झालं की सर-मॅडम सामान घ्यायला माझ्या काउंटरवर हजर. सामान विकलं जातं, किस्से दुकानातच उरतात.

*

केमिस्ट्रीचे बोंद्रे सर स्मार्ट बोर्डासाठी आले. "भाऊ, नियमानं तीन दुकानांचे कोटेशन लागतात. तिन्ही तुम्हीच देऊन टाका न!"

मी म्हटलं, "सर, उद्या एकाच पोरानं तिघांचे पेपर लिहिले तर?"

"ती कॉपी झाली. ही प्रोसिजर आहे!"

मी एकच दिलं. सर चार दिवसांनी बाकीची दोन घेऊन आले. दोन्ही माझ्यापेक्षा बरोबर पाचशे रुपयांनी महाग!

*

वर्षभरानं त्याच बोर्डाची वायर बघायला गेलो, तर त्यावरचं प्लास्टिक तसंच.

"सर, वापरला नाही?"

"वापरला असता तर बिघडला असता. मग विद्यापीठ रिकव्हरी कोणाच्या पगारातून करते?"

"अन् मुलं?"

"त्यांना लांबून दाखवला न!"

हसू आलं, पण सरांच्या कपाळावर खरोखरचा घाम होता.

*

फिजिक्सच्या मेश्राम मॅडमची गोष्ट वेगळी. त्यांच्या वर्गात नरखेडकडची बरीच मुलं. विहिरीवरची मोटर डोळे मिटून खोलतील, पण पेपरात मोटरीचा प्रश्न आला की पान कोरं.

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, या पोरांच्या हाताले येते, वहीले येत नाही. मले ते हातातून वहीत आणायचं आहे."

अर्ध्या एचपीच्या, पाणी उपसायच्या बारा मोटरी घेतल्या. अनुदानाचा पहिला हप्ता मला दिला, उरलेले पैसे उधार, विद्यापीठाची तपासणी होऊन पुढचा हप्ता आल्यावर. तपासणीत सामान मोडकं निघालं तर पुढचा हप्ता बंद, वरून आधीचे पैसे मॅडमच्या पगारातून वसूल. त्यांच्या हुडकेश्वरच्या फ्लॅटच्या कर्जाचा हप्ताही त्याच पगारातून जातो.

घरी बायको म्हणाली, "काहून जी, आजकाल जेवताना मोटरीच मोजून राहिले का?"

*

पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन. "भाऊ, जळली!"

माझ्या हातातलं बिलबुक पडलं. "पोरगं ठीक आहे न?"

"पोरगं खुश आहे! पाणी न भरता चालवली तर काय होते, ते त्याले आता जन्मभर समजलं."

पोरगं खुश, मॅडम खुश. झोप फक्त माझी उडाली. त्यानंतर फोन वाजला की आधी मी खुर्चीवर बसायचो, मग उचलायचो. एक, दोन, पाच... तपासणीच्या आठवड्यापर्यंत बारापैकी आठ बंद!

*

शेवटी न राहवून मीच कॉलेजात गेलो. म्हटलं, "मॅडम, माझ्या गोदामात आठ नव्या मोटरी आहेत. तपासणीच्या दिवशी नेऊन ठेवा. जुन्या मोटरींचे नंबर मी त्यांच्यावर रंगवून देतो. संध्याकाळी परत."

मॅडम बोटानं टेबलावरची धूळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी सांगितलं. "नको भाऊ. पोरं आवाजावरून मोटर ओळखतात. एक बटण दाबलं की वर्गभर समजेल, ही आपली नाही म्हणून."

*

तपासणीच्या दिवशी पुरवठादार म्हणून मलाही बिलं घेऊन बोलावलं होतं. विद्यापीठाचे लेखाधिकारी साहेब आधी बोंद्रे सरांकडे गेले. चकचकीत बोर्ड पाहिला, पाच मिनिटांत बाहेर.

मग मॅडमची लॅब. जळक्या वार्निशचा वास, टेबलभर सुटलेल्या वायरी. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. "बारापैकी आठ बंद? मॅडम, हे काय आहे?"

मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं रजिस्टर पुढे केलं. मोटर नंबर, कोणी जाळली, काहून जाळली, पोराले काय समजलं. साहेब एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागले. सात नंबरवर थांबले. "कोणी जाळली: मी स्वतः. कारण: घाई." साहेबांनी रुमाल खिशात घातला आणि खुर्ची ओढून बसले.

मी दाराशी उभा. जीव जरा भांड्यात पडतोय तोच साहेब शेवटची ओळ मोठ्यानं वाचू लागले.

"पुरवठादारानं एका दिवसासाठी आठ नव्या मोटरी देऊ केल्या. रात्रभर विचार केला. घेतल्या नाहीत."

अख्खी लॅब माझ्याकडे पाहू लागली! मी मॅडमकडे पाहिलं, तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"पुरवठादार कोण?"

"मी, साहेब."

साहेबांनी पेन उघडलं. फाइलवर लिहिलं: 'आठ मोटरी शिकवताना खर्ची पडल्या. वसुली नाही. पुढचा हप्ता द्यावा.' मग रजिस्टर माझ्याकडे सरकवून त्या शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं.

"इथे सही करा."

केली सही.

दारातून निघताना साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, दुकानात असंच एक रजिस्टर ठेवत जा. खरं-खरं लिहा मात्र!"