वसंताच्या नावाखालची ओळ

वसंता गेल्याचे त्याच्या मुलीने, सुनीताने, इस्लामपूरहून फोनवर कळवले. त्यास महिना झाला. वसंता माझा धाकटा चुलतभाऊ; फौजेतून निवृत्त होऊन कुंडलला ऊस करीत असे. त्याच्याविषयी लिहू लागलो की आधी हसू येते, आणि मला हसण्याची सवय नाही.

घराण्याची वंशावळ कागदावर, माझ्याकडे विश्रामबागेत होती. ती त्याने संकेतस्थळावर चढवली आणि मला संगणकासमोर बसवले. "आण्णा, नावावर टिचकी मारा, फांदी उघडती." पणजोबांवर टिचकी मारली; पाच मुलगे उघडले... "आता लेकीबी घालतो," तो म्हणाला. वंशावळीत लेकी नसतात, असे मी बजावले. मुलगा नसलेल्याच्या नावाखाली आमच्याकडे 'निर्वंश' लिहीत. वसंताला सुनीता ही एकच मुलगी. त्याने संगणक बंद केला.

पुढच्या खेपेस मात्र त्याने आमच्या वयोवृद्ध चंद्राआत्याला गुपचूप घातले होते. लग्नात तिचे नाव सुशीला ठेवलेले. वसंताने एकीच्या दोन बायका केल्या. माहेरच्या पानावर चंद्रा, अविवाहित. सोयऱ्यांच्या पानावर सुशीला, सहा मुलांची आई. आत्या शेजारीच होती. ऐकून म्हणाली, "वसंता, बिनलग्नाची तेवढी ऱ्हाऊ दे रं. लय सुखी दिसती." सारे घर हसले, मीही हसलो. तेवढ्यात तिने मला गाठले. "आन् तू रं? मला काढून टाकणार व्हय?"

मी वसंताकडे वळलो. "घाल लेकींना," मी म्हणालो.

मग साताऱ्यापासून वाईपर्यंत त्याने साऱ्या घरांच्या लेकी शोधल्या. प्रत्येकीला फोन करून ओरडे, "आक्का, तुझी फांदी फुटली बघ!" स्वतःच्या नावाखालची जागा तेवढी त्याने रिकामी ठेवली. शेवटच्या भेटीत मी कारण विचारले. "आवं, लेकी नगं आसं तुमीच म्हणालावता. माझ्या घरचं तुमीच लिवा." मी "बघू" म्हणालो... तेवढेच म्हणालो.

गेल्या रविवारी ते पान उघडले. वसंताच्या नावाखाली एका बोटाने 'सुनीता' टंकले, तिच्याखाली तिची मुलगी. टिचकी मारली, फांदी उघडली. सुनीताला फोन करून पाहायला सांगितले. तिने तिथल्या तिथे पान उघडले. मग एकदम म्हणाली, "आवं आण्णाकाका, आमची धाकटी ऱ्हायली की!"

"थांब, घालतो," मी म्हणालो, आणि पुन्हा चष्मा चढवला.